टेकडीवरचं बाकडं

नगरपालिकेनं वसुंधरानगरच्या वळणावर हिरवं बाकडं आणून ठेवलं, तेव्हा लोक हसले. बुलढाणा हे चढउताराचं गाव. बाजारातून वरच्या वसाहतीत यायचं म्हणजे दम लागतो, आणि एकट्या माणसासाठी ऑटोवाला वर यायला राजी नसतो. ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते एकेकटे गाडीत बसून खाली जातात, ज्यांच्याकडे नाहीत ते उन्हातान्हात पायी उतरतात. त्यावर पालिकेनं हा तोडगा काढला होता. बाकड्यावर बसलेल्या माणसाला गावात जायचंय असं समजायचं, आणि ज्याच्या गाडीत जागा असेल त्यानं थांबून त्याला न्यायचं. मोहिमेचं नाव होतं 'एक जागा मोकळी'. याच मोहिमेत रविवारी सकाळी संगम चौकातला रस्ता गाड्यांना बंद ठेवू लागले आणि तिथं लोक सायकली घेऊन येऊ लागले, ते सगळ्यांना आवडलं. बाकड्याचं मात्र काही खरं नाही, असंच जो तो म्हणायचा. सुरुवातीला तर त्यावर कुत्रंच झोपायचं.

रमाकांत मोहरीलांनी ते बाकडं खिडकीतून पाहिलं होतं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. वसाहतीच्या टोकाला त्यांचं घर. पत्नी चारुलता आजारी पडल्या तेव्हा त्यांना उपचारांसाठी संभाजीनगरला न्यावं लागायचं, म्हणून उतारवयात त्यांनी गाडी घेतली, चालवायला शिकले. चारुलताबाई गेल्या आणि गाडीवर कव्हर चढलं. बॅटरी उतरू नये म्हणून ते अधूनमधून कव्हर काढायचे, इंजिन सुरू करून तसेच आत बसून राहायचे, मग बंद करून घरात यायचे. मुलगा गंधार पुण्यात. रविवारी त्याचा फोन यायचा. "बाबा, गाडी विकून टाका, कशाला सांभाळता?" असं तो म्हणायचा, आणि "बघू," असं हे म्हणायचे. तेवढ्यात नातवंडाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि फोन संपायचा.

एका सकाळी गॅसच्या कामासाठी ते गाडी घेऊन निघाले, तर बाकड्यावर एक म्हातारी बसलेली. एका पायाला पांढरी पट्टी, हातात पिशवी. तिनं हात केला नाही, नुसतं पाहिलं. रमाकांत थोडे पुढे गेले, थांबले, आणि गाडी मागे घेतली.

"कुठं जायचंय बाई?"

"दवाखान्यात. मोठ्या. पायाची पट्टी बदलाले जा लागते," म्हातारी म्हणाली. "पण भाऊ, माह्या पायाले माती हाय. तुमची गाडी खराब होईन."

"होऊ द्या. बसा."

तिचं नाव रुखमाबाई. मूळची मोताळ्याकडची, लेकाबरोबर वसाहतीमागच्या खोल्यांमध्ये राहायची. लेक गवंड्याच्या हाताखाली कामाला, सकाळीच निघून जायचा. साखरेच्या आजारानं पायाला जखम झाली होती, ती भरत नव्हती. एवढं सगळं तिनं वळणापासून पहिल्या चौकापर्यंतच सांगितलं. पुढं तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण हाय?"

"मी आहे," रमाकांत म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "माह्या लेकाच्या घरी पाच जनं हायेत. पण दिवसभर मी बी एकलीच असतो, बापा."

दवाखान्याच्या फाटकाशी ती उतरली. दार लावायला तिला जमेना, म्हणून रमाकांतांनी उतरून लावलं. गॅसचं काम करून ते घरी आले तेव्हा त्यांना एकदम जाणवलं, की कालपासून ते पहिल्यांदाच कुणाशी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना काही काम नव्हतं. तरी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी काढली. बाकड्यावर त्या दिवशी छाया होती. बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात ती पिको-फॉलचं काम करायची. नवरा धामणगाव बढ्याला शेती बघायचा आणि मुलीच्या शिक्षणासाठी ही इथं भाड्यानं राहायची. ती बसली ती मागच्या सीटवर, आणि सगळा रस्ताभर फोनवर मालकिणीशी बोलत राहिली. पण उतरताना म्हणाली, "काका, उद्याही येणार का तुम्ही? म्हणजे मी धावतपळत निघणार नाही."

"येतो ना," रमाकांत म्हणाले. "मला रोज कामच असतं गावात."

मग रोजचं काम शोधणं हेच त्यांचं काम झालं. एक दिवस भाजी, एक दिवस बँकेचं पासबुक, एक दिवस चपलेचा अंगठा. ज्या दिवशी काहीच सुचायचं नाही त्या दिवशी ते बाकड्यावरच्या माणसांना सोडून सर्क्युलर रोडला एक फेरी मारायचे, वाचनालयासमोर गाडी उभी करून पेपर चाळायचे आणि परत यायचे. सोबत कधी रुखमाबाई असायची, कधी छाया, कधी दोघी. कधी एखादा कॉलेजचा विद्यार्थी, कधी कोर्टाच्या तारखेला निघालेला शेतकरी. गाडीत बसलेली माणसं बोलायची. रुखमाबाईची सून तिला चहात साखर घालू देत नाही, छायाच्या मुलीला गणित जमत नाही, दुकानाच्या मालकिणीच्या घरी लग्न निघालंय, अशा गोष्टी ऐकताना रमाकांत मुद्दाम गाडी हळू चालवायचे. त्यांनी सीटला नवी कव्हरं घातली. पाण्याची बाटली ठेवू लागले. चारुलताबाई गेल्यावर पहिल्यांदाच ते उद्याची वाट पाहू लागले.

त्यांना एकच गोष्ट सलायची. माणसं उतरली, दारं बंद झाली की गाडीत एकदम सामसूम व्हायची. मघाशी जिथं हसणं चाललं होतं तिथं फक्त इंजिनाचा आवाज. त्या क्षणाला ते नेहमी रेडिओ लावायचे, आणि थोड्या वेळानं बंद करायचे.

पुढं पालिकेनं ठरवलं, की बाकडं ठीक आहे, पण गावाला बस हवी. बॅटरीवर चालणारी, धूर न करणारी छोटी बस. ती कोणत्या रस्त्यानं फिरवायची हे कचेरीत बसून ठरवायचं नाही, वॉर्डावॉर्डात लोकांना विचारायचं. हे काम पालिकेच्या अश्विनी इंगळे नावाच्या तरुण अधिकारी बाईकडे होतं. तिनं शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली आणि रमाकांतांना स्वतः फोन केला. "काका, बाकड्याचा सगळ्यात चांगला उपयोग तुम्हीच केलाय. तुम्ही आलंच पाहिजे."

सभेला मोजकेच लोक होते, तेही बहुतेक गाडीवाले. भर दुपारची वेळ. छाया दुकानात होती, रुखमाबाईला तर सभेचं कळलंही नव्हतं. भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. अश्विनीनं त्यावर बोट फिरवत विचारलं, "मोहरीलकाका, बस खालच्या मोठ्या रस्त्यानंच न्यावी, की वर वसुंधरानगरपर्यंत आणावी? चढ बराच आहे, बॅटरी जास्त खर्च होते. गरज असेल तरच वर आणू. तुम्हाला काय वाटतं?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. रमाकांतांच्या डोळ्यांपुढं ते बाकडं आलं, रिकामं. त्यांच्याही नकळत ते बोलून गेले, "वर तशी गरज नाही. आमचं चाललंय की. बाकडं आहे, मी आहे."

"काका म्हणजे आमची बसच आहेत," कुणीतरी म्हणालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमाकांत हसले, पण घरी येताना त्यांनी रस्त्यात कुणाकडे पाहिलं नाही. रात्री जेवण गेलं नाही. आपण खोटं तर बोललो नाही, असं ते स्वतःला समजावत राहिले.

दिवाळीनंतर हवा बदलली आणि रमाकांतांना ताप भरला. सकाळी उठले तर उभंच राहवेना. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी वेळेचा अंदाज घेतला. आता छाया येऊन बसली असेल. आता रुखमाबाई आली असेल. त्यांना कळवायला हवं होतं, पण कळवणार कसं? एवढ्या महिन्यांत त्यांनी गाडीत बसणाऱ्या कुणाचा नंबर घेतला नव्हता, कुणाला दिलाही नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसांना फोन कशाला हवा?

ताप उतरायला वेळ लागला. डबेवाली बाई दारात डबा ठेवून जायची, तेवढीच घराला जाग. गंधारचा फोन आला तेव्हा त्यांनी "थोडी कणकण आहे" एवढंच सांगितलं. पण मनातून त्यांना वाटत होतं, की कुणीतरी येईल. छाया विचारत विचारत येईल, रुखमाबाई लेकाला पाठवील. फाटक वाजलं की ते मान उचलायचे. कधी वारा असायचा, कधी समोरच्या घरचं कुणी. पडून पडून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्या दोघींना त्यांचं घर कोणतं हे माहीतच नव्हतं. त्यांनी कधी गाडी घराशी थांबवली नव्हती, आणि या म्हणून कुणाला म्हटलंही नव्हतं.

बरं वाटल्यावर ते आधी बाकड्याशी गेले. छाया एकटीच होती. गाडी दिसताच ती उभी राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"काका, कुठं होता हो? गावाला गेला होता का?"

"ताप होता. रुखमाबाई दिसत नाहीत आज?"

छाया गाडीत बसली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "त्यांना दवाखान्यात ठेवलंय. तुम्ही आला नाहीत, तर त्या बाकड्यावर उन्हं वर येईपर्यंत बसून राहिल्या. मी म्हटलं, आजी, कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीला हात करा. तर म्हणाल्या, भाऊ येईनच. दुसऱ्या दिवशीही तेच. गाड्या गेल्या, पण थांबलं कुणी नाही. पट्टी बदलायची राहिली. मग एक दिवस पायीच निघाल्या, आणि उतारावर घसरून पडल्या. जखम चिघळली. बोट काढावं लागलं पायाचं."

रमाकांतांनी गाडी कडेला घेतली. छाया घाईघाईनं म्हणाली, "तुमचा काय दोष काका? तुम्ही तर आजारी होता." मग दुकानाची वेळ झाली म्हणून ती तिथूनच उतरून चालू लागली.

ते दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. जवळ कुणी नव्हतं. त्यांना पाहून ती उठायला लागली.

"पडून राहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला ताप होता हो. कळवता आलं नाही."

"असं झालं काय," रुखमाबाई म्हणाली. "मले तं वाटे, भाऊ आज येईनच. म्हून बसून राह्यली." मग तिनं त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "बिमार होते तं कोण होतं तुमच्यापाशी? पेज-पाणी कोनं केलं?"

रमाकांतांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कुणी नाही," ते म्हणाले.

"माय वं!" म्हातारी कळवळली. "मंग मले काऊन नाई सांगतलं? मी आली असती."

स्वतःच्या पायाचं बोट गेलेली बाई आपल्यासाठी हळहळते आहे, हे त्यांना सोसवेना. ते तिथं फार वेळ थांबले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी अश्विनीला फोन लावला आणि सांगितलं, "बस वर आली पाहिजे. मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं."

अश्विनी म्हणाली, "काका, मार्ग तर ठरलाय. आता बदलायचा तर वसाहतीची मागणी हवी, आणि पुढच्या सभेला ज्यांना खरंच बस लागते ती माणसं हजर हवीत. माझ्या एकटीच्या म्हणण्यानं काही होणार नाही."

इतकी वर्षं त्या वसाहतीत काढून रमाकांतांनी शेजारचीसुद्धा घंटी कधी वाजवली नव्हती. लोकांकडे जाणं-येणं हा चारुलताबाईंचा प्रांत होता. आता कागद-पेन घेऊन ते दारोदार निघाले. काही जणांनी दारातूनच वाटेला लावलं. "आमच्याकडे गाडी आहे, आम्हाला कशाला बस?" एका घरी एक बाई म्हणाल्या, "तुम्ही चारुलतावहिनींचे मिस्टर ना? वहिनी असताना किती यायच्या!" त्यांनी आत बोलावलं, पण रमाकांत सही घेऊन पुढं गेले. बसले असते तर बाई वहिनींबद्दल बोलत राहिल्या असत्या, आणि ते त्यांना ऐकवलं नसतं. शेजारचे वामनराव निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी विनातक्रार सही केली आणि "कधीतरी बसायला या," असं सवयीनं म्हणाले. वसाहतीमागच्या खोल्यांमध्ये मात्र बायका स्वतःच पुढं झाल्या. कुणी धुण्याभांड्याला खाली जायची, कुणी शाळेत खिचडी शिजवायला. पायी उतरणाऱ्या एवढ्या बायका आपल्या खिडकीतून आपल्याला कधी दिसल्या कशा नाहीत, याचं रमाकांतांना नवल वाटलं.

दुसरी सभा छायाच्या सांगण्यावरून सुटीच्या दिवशी ठेवली. हॉल भरला. बायका मागं उभ्या राहिल्या. रमाकांत बोलायला उठले तेव्हा पुढच्या रांगेतून एकानं विचारलं, "साहेब, बस वर आली तर तुमच्या गाडीचं काय?"

लोक हसले. रमाकांत नाही हसले.

"मी आठवडाभर आजारी होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात एका बाईचा पाय बिघडला. मी चांगला माणूस असेन-नसेन, पण मी कधी आजारी पडेन, कधी मरेन. माझ्या भरवशावर कुणी बसून राहू नये. बस वेळेवर येते. तिला ताप येत नाही."

ते बसले. मग छाया बोलली, खिचडी शिजवणाऱ्या बाई बोलल्या, आणि वाद बराच लांबला. चढाचा मुद्दा निघाला, बॅटरीचा निघाला. शेवटी सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या वर आणायचं ठरलं.

पुढच्या उन्हाळ्यात बस आली. झेंडूच्या माळा घातलेली, पांढरीशुभ्र, जवळ येईपर्यंत आवाजच येत नाही अशी. नारळ फुटला, पेढे वाटले. अश्विनीनं रमाकांतांना पुढं बोलावून फोटोत उभं केलं. रुखमाबाई त्या वेळी नव्हती. दवाखान्यातून सुटल्यावर मोताळ्याला दिलेल्या लेकीनं तिला तिकडं नेलं होतं, आणि ती आता तिथंच राहणार असं तिच्या लेकानं सांगितलं. रमाकांतांनी त्याच्याकडून लेकीचा नंबर घेतला. एकदा फोनही केला. रुखमाबाईला ऐकायला नीट येत नव्हतं. "हाव, हाव, चांगली हाव," एवढंच ती मोठ्यानं म्हणत राहिली, आणि मग लेकीनं फोन घेतला.

बस सुरू झाल्यावरही सवयीनं काही दिवस त्यांनी गाडी काढली. वळणावर कुणी थांबलेलं नसायचं. सगळे बसनं आधीच गेलेले असायचे. मग त्यांनी गंधारला फोन करून सांगितलं, "गाडीला गिऱ्हाईक बघ." गंधार खूश झाला. "छान केलंत बाबा, आता पुण्याला या." ते नेहमीसारखं "बघू" म्हणाले.

पावसाळ्यात गाडी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बसनं निघाले. छाया तिच्या मैत्रिणींबरोबर मागच्या बाजूला बसली होती. "काका, या ना!" म्हणून तिनं हाक मारली, पण तिच्याजवळ जागा नव्हती. ते पुढं एका तरुणाशेजारी बसले. त्याच्या कानात तारा होत्या. मागून छायाचं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू येत होतं. तिची मुलगी गणितात पास झाली होती. मालकिणीच्या घरचं लग्न मोडलं होतं. हे सगळं आता ती मैत्रिणींना सांगत होती, आणि त्या मधेच हसत होत्या. बाजारात ती उतरली. "येते हं काका," असं दारातून म्हणाली, आणि त्यांनी हात वर करेपर्यंत गर्दीत दिसेनाशी झाली.

बस रिकामी होत गेली. धाड नाक्याला चालकानं मागं वळून विचारलं, "काका, इथंच संपते. कुठं जायचंय तुम्हाला?"

"इथंच," रमाकांत म्हणाले आणि उतरले. नाक्यावर त्यांचं काही काम नव्हतं. हातगाडीवर पेरू होते, ते त्यांनी निवडून निवडून घेतले, पेरूवाल्याशी हवापाण्याबद्दल चार शब्द बोलले, आणि त्याच बसनं परत वर आले.

घराचं फाटक उघडताना त्यांचा हात थांबला. एवढे पेरू एकट्याला संपणार नव्हते. ते वळले आणि वामनरावांच्या दाराची घंटी वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग वामनराव बनियनवर, चष्मा कपाळावर सारत दारात आले. मागं टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि समोर एकच खुर्ची होती.

"या," ते म्हणाले. "परत सही पाहिजे का?"

"नाही," रमाकांत म्हणाले. "सहजच आलो."

वामनरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग आतून दुसरी खुर्ची ओढत आणली, तिच्यावरचे जुने पेपर खाली ठेवले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. दोघं बसले. बस बरी चालते, असं रमाकांत म्हणाले. हो, असं वामनराव म्हणाले. रमाकांतांनी पेरूंची पिशवी पुढं ठेवली. वामनरावांनी एक पेरू उचलून सुरीनं कापला, मीठ लावलं आणि अर्धा पुढं केला.